गुमास्ता आहे, परवाना कुठाय?

‘टॅटू आर्टिस्टचं लायसन्स कुठून काढायचं?’ हा प्रश्न या सदराकडे अधूनमधून येतो. विचारणारे बहुतेक विशीतले असतात, कधी त्यांचे काळजीत पडलेले आईवडील. पोराची चित्रकला बरी आहे, कॉलेजात मन लागत नाही, मोबाइलवर दिवसभर टॅटूचे व्हिडिओ चालू असतात. कोर्स करायचा म्हणतोय, पण पुढे सरकारी कागद काय लागतो ते कळू द्या.

उत्तर एका ओळीत संपतं. असं लायसन्स आपल्याकडे नाही. टॅटू काढणाऱ्या माणसाची देशपातळीवर परीक्षा घेणारं, नाव नोंदवणारं, चुकला तर नाव काढून टाकणारं कुठलंही खातं भारतात नाही. वडिलांना हे ऐकून हायसं वाटतं, चला, एक खेप वाचली. मला वाटत नाही.

स्टुडिओच्या भिंतीवर काचेत घातलेला कागद असतो, तो गुमास्ता. शॉप ॲक्टचा. महाराष्ट्रात 2017 साली दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा आला आणि छोट्या दुकानदाराचं काम सोपं झालं. हाताखाली मोजकीच माणसं असतील तर ऑनलाइन सूचना दिली की भागतं. हा कायदा कामाचे तास बघतो, साप्ताहिक सुट्टी बघतो, पगारी रजा बघतो. सुई एकदा वापरून फेकली की पुसून दुसऱ्याला लावली, हे बघणं त्याचं कामच नाही. त्याच्या शेजारी ‘उद्यम’ नोंदणीचा कागद असतो, तो फुकट मिळतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर जीएसटी क्रमांक. हे तिन्ही कागद साडीच्या दुकानातही असतात. गिऱ्हाइकाला मात्र अशोकस्तंभ दिसला की बरं वाटतं, आणि स्टुडिओवाला त्याचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

गंमत अशी की मुंबईत केस कापायचं दुकान टाकायचं तर महापालिकेच्या आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं. वस्तरा कातडीच्या वरून फिरतो, लागलाच तर ओरखडा उठतो. टॅटूची सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण दीड-दोन मिलिमीटर आत, मिनिटाला शेकडो-हजारो वेळा जाते आणि येते. शाई टिकते ती तिथे, खालच्या थरात, म्हणून आत जावंच लागतं. तिथे रक्त असतं. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. ‘पुसलंय की स्वच्छ’ या वाक्याला त्यापुढे काही किंमत उरत नाही.

सरकारला यातलं काही कळत नाही असं समजू नका. रक्तदान शिबिरात जाऊन बघा. टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर तुम्हाला परत पाठवतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांत तसं लिहिलेलंच आहे. सैन्यभरतीत जा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागे टॅटू असेल तर चालतो, इतरत्र चालत नाही. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट. म्हणजे गोंदलेला हात सरकारी नजरेतून सुटत नाही. गोंदणारा हात मात्र कुणाच्याच वहीत नाही. एकीकडे टॅटूवाल्या माणसाचं रक्त वर्षभर संशयित धरायचं, आणि तो टॅटू कुणी, कुठल्या सुईने काढला हे विचारायचंच नाही, हा कारभार मला तरी उलटा वाटतो.

सुईचं पुढे काय होतं तेही बघा. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016चे नियम आहेत. त्यांत रुग्णालयं आहेत, प्रयोगशाळा आहेत, रक्तपेढ्या आहेत, गुरांचे दवाखाने आहेत, शाळेतली प्रथमोपचाराची खोलीसुद्धा नाव घेऊन आली आहे. टॅटू स्टुडिओचं नाव नाही. नेटका स्टुडिओवाला स्वतःहून सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा ठेवतो आणि शहरातल्या कचरा नेणाऱ्या केंद्राशी बोलून ठेवतो. बाकीच्यांच्या सुया ओल्या-सुक्याच्या गाडीत जातात आणि त्या गाडीवरच्या बाईच्या हातात घुसतात. तिने तर टॅटूही काढून घेतलेला नसतो.

आता ‘सर्टिफिकेट’ या प्रकरणाकडे येऊ, कारण पालकांचे पैसे इथे जातात. मुंबई-पुण्यात टॅटूचे क्लास भरपूर आहेत. पंधरा दिवसांचे आहेत, तीन महिन्यांचे आहेत, आठवड्याभराचे ‘क्रॅश कोर्स’ही आहेत. शेवटी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, त्यावर ‘इंटरनॅशनल’ किंवा ‘आयएसओ’ असा काहीतरी शब्द. ते प्रमाणपत्र म्हणजे त्या क्लासने तुम्हाला दिलेली पावती. त्याने परवाना मिळत नाही, कारण परवानाच नाही. क्लास वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण फी भरण्याआधी विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. रेषा किती बारीक मारायला शिकवता हे नंतर. आधी विचारा, पहिल्या आठवड्यात काय शिकवता? जिथे उत्तर ‘मशिन हातात देतो’ असं येतं तिथून उठावं.

चांगल्या स्टुडिओत नवा पोरगा येतो तेव्हा त्याला बरेच दिवस मशिनला हात लावू देत नाहीत. तो टेबल पुसतो. लॅम्पच्या दांड्यावर, मशिनच्या वायरवर, स्प्रेच्या बाटलीवर प्लॅस्टिक चढवायला शिकतो. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या कॅपमध्ये काढायची आणि उरलेली परत ओतायची नाही, हे शिकतो. कंजूषपणा करून उरलेली शाई बाटलीत ओतणारा एक जण पुढच्या दहा गिऱ्हाइकांची सोय करून ठेवतो. सुईच्या कार्ट्रिजचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं, त्यावरची मुदत त्याला दाखवायची. ज्यांच्याकडे मशिन धरायच्या धातूच्या ग्रिप असतात त्यांनी त्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर घालायच्या; डेटॉलमध्ये बुडवून ठेवल्याने भागत नाही. आणि सगळ्यात अवघड धडा, ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलायचा नाही. फोन वाजला, उचलला, पुन्हा काम चालू. सगळं पाणी तिथेच मुरतं. मग सिंथेटिक स्किनवर सराव, मग स्वतःच्या पायावर, मग एखाद्या धीट मित्रावर. हेपटायटिस बीच्या लशीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, ते पहिल्याच दिवशी सुरू करावेत. जो क्लास लशीचं नाव काढत नाही त्याच्या बाकी अभ्यासक्रमाबद्दल मला कुतूहल नाही.

बाहेर काय चालतं? अमेरिकेत राज्या-राज्याचं वेगळं. ओरेगन राज्य सगळ्यांत काटेकोर म्हणायला हरकत नाही: 360 तासांचं प्रशिक्षण, त्यात 210 तास नुसतं शास्त्र आणि 150 तास हातकाम, त्यात 50 टॅटू पुरे केलेले असावे लागतात, मग परीक्षा. न्यूयॉर्क शहराची गोष्ट याहून शिकण्यासारखी आहे. 1961 साली हेपटायटिसचं कारण देऊन शहराने टॅटूवर बंदीच घातली. टॅटू बंद झाले का? ते घरांच्या मागच्या खोल्यांत गेले. पुढची 36 वर्षं तिथे कुठलाही निरीक्षक पोचला नाही, कारण कायद्याने तो धंदा अस्तित्वातच नव्हता. 1997 मध्ये बंदी उठली आणि आरोग्य खात्याने परवाना सुरू केला. त्यासाठी संसर्ग कसा रोखायचा याचा छोटा अभ्यासक्रम आणि परीक्षा द्यावी लागते. चित्र चांगलं येतं की नाही हे शहर विचारत नाही.

दक्षिण कोरियाने दुसरं टोक गाठलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली ठरवलं की टॅटू काढणं ही वैद्यकीय क्रिया आहे, ती डॉक्टरनेच करावी. डॉक्टर काही टॅटू काढायला बसले नाहीत. तीन दशकं तिथले जगभर नावाजलेले टॅटूकार कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार राहिले. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, धमकावलं, तरी पोलिसांत जायची सोय नाही. शेवटी सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या संसदेने टॅटूकारांचा कायदा केला. राष्ट्रीय परीक्षा, परवाना, आणि तयारीला दोन वर्षांची मुदत. जपानमध्येही 2015 साली ओसाकातल्या एका टॅटूकारावर डॉक्टरकीचा परवाना नसल्याबद्दल खटला भरला गेला. खालच्या न्यायालयाने 2017 मध्ये दंड केला, उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सोडलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली.

आपल्याकडे परवाना आणायचा तर न्यूयॉर्कच्या वाटेने आणावा, असं माझं मत आहे. परवाना स्वच्छतेचा असावा, कलेचा नको. कुणाची मोराची पिसं सुबक येतात हे ठरवायला गिऱ्हाईक समर्थ आहे. नाही आवडलं तर तो दुसरीकडे जाईल. सुई निर्जंतुक आहे का हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून तिथे सरकार हवं. दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, लशीचा दाखला, एक सोपी परीक्षा मराठीत, फी कमी, आणि देणारं खातं महापालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं आरोग्य खातं.

मराठीत आणि कमी फी यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. टॅटू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वांद्र्याचा एसी स्टुडिओ येतो. पण गावोगावच्या जत्रांमध्ये बॅटरीवरचं मशिन घेऊन बसलेला गोंदणारा बघा. पुढ्यात नक्षांचं फळकूट: बदाम, त्रिशूल, आईचं नाव, ‘जय शिवराय’. दिवसात कितीतरी हात पुढे येतात, आणि सुई मात्र तीच, मध्ये एका फडक्याने पुसलेली. आपल्या आज्यांच्या हनुवटीवरचे ठिपके आणि मनगटावरची तुळस ज्या बायकांनी गोंदली त्यांच्या पिढीजात हातांना कधी कुणी दाखला मागितला नव्हता. पण तेव्हा गावात एचआयव्ही नव्हता आणि रोजची शे-दीडशे माणसं अनोळखी नव्हती. ओरेगनसारखे 360 तास लावले तर हा जत्रेतला माणूस परवान्याच्या बाहेरच राहील, आणि जिथे धोका सगळ्यांत जास्त तिथेच कायदा पोचणार नाही.

‘म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणखी एक हप्ता,’ असं स्टुडिओवाले म्हणतात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. फूड लायसन्सचा अनुभव घेतलेला कुठलाही वडापाववाला त्यांना दुजोरा देईल. पण आज काय आहे? काही बिघडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 271 आहे, जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल असं निष्काळजी कृत्य, सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे आधी कुणी काही शिकवणार नाही, तपासणार नाही, आणि कुणी आजारी पडलं की थेट पोलीस. त्यापेक्षा वर्षातून एकदा येऊन ऑटोक्लेव्ह बघणारा माणूस मला परवडेल.

शाईबद्दल थोडंच, कारण तिचा कारभार याहून धूसर आहे. सौंदर्यप्रसाधनाची 1940च्या कायद्यातली व्याख्या शरीराला लावायच्या वस्तूंपुरती थांबत नाही, शरीरात घालायच्या वस्तूंनाही कवेत घेते. तरी टॅटूच्या शाईसाठी वेगळं मानक नाही. 2025च्या सुरुवातीला कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने शाईचे नमुने तपासले, त्यांत सेलेनियम, क्रोमियम, आर्सेनिक धरून 22 धातू सापडल्याचं सांगितलं आणि मानक ठरवण्यासाठी केंद्राकडे धाव घेतली. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासूनच शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. आपल्याकडे तोवर ऑनलाइन येणारी, बाटलीवर पत्ता नसलेली शाई बिनधास्त विकली जाते.

तेव्हा वडिलांना आणि पोराला आजचं उत्तर. गुमास्ता काढा, उद्यम काढा, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन आरोग्य खात्याचं काय लागतं ते लेखी विचारा. तोंडी उत्तरावर दुकान उघडू नका. कचरा नेणाऱ्या केंद्राशी करार करा, त्याच्या पावत्या जपा. शाई आणि कार्ट्रिज पक्क्या बिलाने घ्या, बॅच क्रमांक प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर टिपा. फॉर्मवर सही घेताना आधार बघा. अठरा पूर्ण नसलेल्याची सही कायद्यापुढे टिकत नाही. भारतीय करार कायदा 1872 पासून तेच म्हणतो आणि न्याय संहितेचं कलम 25ही इजेला दिलेली संमती अठरा वर्षांवरच्याचीच धरतं. दहावीचा निकाल लागला की मित्रांचं टोळकं येतं, ‘दादा, छोटासाच काढा’ म्हणतं, दोन हजार रोख पुढे करतं. तेव्हा नाही म्हणायचं.