गद्धेसाठी

‘हल्लीच्या पोरांना फार ॲटिट्यूड आलाय,’ हे वाक्य आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी कानावर येतं. यंदा ते म्हणणारे काका सभेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. थकबाकीदारांच्या यादीत त्यांचं नाव पडद्यावर झळकलं होतं ना!

ही सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आमची शेवटच्या रविवारी. गणपूर्तीला वीस डोकी हवीत. ती कधीच जमत नाहीत. मग सभा तहकूब. अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा सुरू, आणि आता गणपूर्तीची अटच नाही. उपविधी लिहिणाऱ्यांनी आपली माणसं बरोबर ओळखली होती.

माझी सोळा वर्षांची मुलगी लॅपटॉप जोडून द्यायला आली होती. “ते कानातलं काढ आधी,” काका भिंतीला म्हणाले, “मोठ्यांत बसायची रीत असते.” तिने काढलं.

पुढचे दोन तास तिने ती रीत पाहिली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा हिशोब कुणीतरी विचारला. सेक्रेटरींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. “मग तुम्हीच चालवा सोसायटी!” खजिनदार दोन खुर्च्या सोडून बसले होते, तिथूनच त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. पार्किंगवर एक निवृत्त बँक मॅनेजर हुंदका आवरत म्हणाले, “त्यांना दिलंत, मग मलाच का नाही?” हेच वाक्य माझी मुलगी चार वर्षांची असताना चॉकलेटवरून म्हणायची.

वर तरी काय वेगळं? जुलै २०२१ मध्ये आपल्या विधानसभेने गैरवर्तनाबद्दल बारा आमदारांना वर्षभरासाठी बाहेर काढलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाच घटनाबाह्य ठरवली.

पोरगं रुसलं तर फार तर दार आपटेल, एक वेळ जेवणार नाही. हे साठीचे कुमार रुसले की गच्चीचं काम आणखी एक पावसाळा लटकतं, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी पलंगाशेजारी बादली ठेवून झोपतात. रुसायची हौस यांची, बादली उपसायची आजींनी.

बटाटेवडे आले, तसे काका वळले. खजिनदार ग्रुपवर परतले. सेक्रेटरींनी जुडगा खिशात टाकून माझ्या मुलीला इतिवृत्ताचा शेवट सांगितला: “लिही, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.”

तिने एक भुवई उचलून माझ्याकडे पाहिलं आणि निमूट टाइप केलं.