ऑक्टोबरची ग्रामसभा: दर्यावर गेलेल्यांच्या खुर्च्या कोण भरणार?



दसरा झाला. होड्यांना आणि इंजिनांना झेंडूच्या माळा चढल्या. पाऊस मागे सरला, दर्या निवळला, बांगडा लागायला लागला. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपण बंदी पाळली, ऑगस्ट-सप्टेंबर वाऱ्या-पावसात कसेबसे काढले. वर्षाची कमाई करायचे दिवस कुठले म्हणाल तर आता चालू आहेत हेच.

आणि नेमक्या याच महिन्यात पंचायतीच्या फलकावर एक कागद लागतो: ग्रामसभेची नोटीस.

हा कागद आपल्यातले किती जण वाचतात? वाचून किती जण जातात? सभागृहात नजर फिरवली की उत्तर मिळतं. पुढच्या दोन रांगा भरलेल्या असतात, पण त्यात जेटीवरचे चेहरे हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. विचारलं तर एकच उत्तर: “आयताराक सभा आनी आयताराकच बाजार, वचूं कशें?”

हे उत्तर खोटं नाही. रविवारी बाजार तेजीत असतो, नवरात्र संपल्यावर तर जास्तच. कोण दर्यात असतो, कोण लिलावात, कोण डोक्यावर पाटी घेऊन गिऱ्हाईक गाठायला गेलेली असते. तरी आमचं ठाम मत आहे की ऑक्टोबरची ग्रामसभा मच्छीमार घराने चुकवू नये. का, ते सांगतो.

पहिलं कारण कायद्यातलं. गोव्याच्या 1994 च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत रविवारी साधारण ग्रामसभा भरते. पंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही, पक्ष लागत नाही. आणि ऑक्टोबरचं महत्त्व वेगळं आहे. पुढच्या आर्थिक वर्षाचा गावाचा विकास आराखडा करायची मोहीम 2018 पासून देशभर 2 ऑक्टोबरपासूनच सुरू होते. पुढच्या वर्षी दिवे कुठे लागणार, गटार कुठे होणार, पायवाट कुठली दुरुस्त होणार, याची यादी या दिवसांत बनते. यादीत नाव नसेल तर पुढे वर्षभर “फंड नाही” हेच ऐकायचं.

दुसरं कारण आपल्या पायाखालच्या जमिनीचं.

मांडवीच्या उत्तर काठावरची आपली गावं आता नुसती गावं राहिलेली नाहीत. बेती, मालीम, वेरे, नेरूल इथून वर पर्वरीचं पठार बघा. 2000 साली विधानसभा तिकडे गेली, रस्ते रुंद झाले, इमारती चढल्या, पूल झाले. आपण पणजीचं उपनगर झालो. ज्यांनी फ्लॅट घेतले तेही आता याच गावाचे मतदार आहेत आणि ते ग्रामसभेला येतात. लेखी प्रश्न घेऊन येतात, मुद्देसूद बोलतात. यात राग धरण्यासारखं काही नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांना माशाचा वास नको असतो, पहाटेचा इंजिनाचा आवाज नको असतो, नदीकाठी वाळत घातलेली जाळी त्यांना अडगळ वाटते. ते आपली बाजू मांडतात. आपली बाजू मांडायला आपण तिथे नसलो, तर इतिवृत्तात एकच बाजू लिहिली जाते. सचिव काही मनाने लिहीत नाही, जे बोललं गेलं तेच लिहितो.

काही भाऊ म्हणतील, आपली सोसायटी आहे ना? आहे. पण सोसायटीचं काम वेगळं. डिझेल, बर्फ, लिलाव, जेटीवरची शिस्त, सरकारी योजनांचे अर्ज हे सगळं सोसायटी बघते. घराच्या दुरुस्तीचा परवाना सोसायटी देत नाही. बाजारात बसणाऱ्या बायांकडून सोपो किती घ्यायचा, तो कोणी वसूल करायचा, पावती द्यायची की नाही, हे सोसायटी ठरवत नाही. काठावरच्या मोकळ्या जागेत पार्किंग करायचं की जाळी विणायची, तेही नाही. ही सगळी कामं गावात पंचायतीच्या दारातून जातात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, ती फार कमी जणांना माहीत आहे. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत. त्यात असं म्हटलंय की गोवा सरकारने मच्छीमारी गावं अधिसूचित करावीत, आणि अशा गावांत मासे सुकवायची-प्रक्रियेची जागा, होड्या बांधायची-दुरुस्तीची जागा, जाळी विणायची जागा, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड, जेटी यांना सीआरझेड भागात ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. परत वाचा: ग्रामपंचायत. म्हणजे ज्या दारात आपण जात नाही, त्याच दाराला कायद्याने आपली किल्ली लावून ठेवलीय. त्याच अधिसूचनेत असंही आहे की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, मासे सुकवायची जागा हे सगळं सर्व्हे नंबरच्या नकाशावर दाखवायला हवं. नकाशावर दिसलं नाही की कागदावर ती जागा मोकळी. आणि मोकळ्या जागेला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

“ग्रामसभेच्या ठरावाला विचारतो कोण? वर पाठवतात आणि कपाटात पडतो.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात तथ्य आहे. ठराव झाला म्हणून उद्या काम होत नाही, आणि सगळं पंचायतीच्या हातातही नाही. आग्वादच्या बारवर साचणारी वाळू, मांडवीतल्या कॅसिनो बोटी, 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरलेली नदी, हे विषय वरचे आहेत. एलईडी लावून मासेमारीवर केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरात बंदी घातली, तरी ती राबवायची जबाबदारी मच्छीमारी खात्याची आणि किनारी पोलिसांची आहे, सरपंचाची नाही.

पण गोव्याचाच इतिहास बघा. लोक गावागावांतून उठले म्हणून 2007 च्या जानेवारीत सरकारला रिजनल प्लॅन 2011 मागे घ्यावा लागला. किनारी आराखड्याची जनसुनावणी 2021 च्या मार्चमध्ये उरकली होती, पण लोकांनी हरकत घेतली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि जुलैत सुनावणी परत घ्यावी लागली. अशा प्रत्येक वेळी पहिला प्रश्न हाच येतो की गावाने तेव्हा काय म्हटलं होतं, कागद दाखवा. ज्या गावाकडे इतिवृत्त असतं, ते गाव कागद पुढे करतं. ज्याच्याकडे नसतं, त्याने घसा फोडून उपयोग नाही.

तिसरं कारण हवामानाचं. आपले जुने तांडेल म्हणतात तसं, पावसाळ्यातला दर्या सांगून मारतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा न सांगता. 2009 च्या नोव्हेंबरातलं फयान कोण विसरेल? 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळ उठलं, त्याच दिवसांत नाफ्ता भरलेलं, माणूस नसलेलं नू शी नलिनी जहाज दोना पावलाच्या खडकाला येऊन टेकलं होतं. अशा वेळी आपल्या होड्या आणि बाहेरच्या होड्या सगळ्या नदीत आसऱ्याला शिरतात. मग काठावर दिवा लागतो का, अँब्युलन्स जेटीपर्यंत येते का, वाट गाड्यांनी अडवलीय का, खलाशांना रात्र काढायला छप्पर आहे का, हे सगळं गावाचं काम होतं. वादळाचा इशारा आल्यावर ग्रामसभा भरत नाही. ते आधी मागून घ्यायला लागतं.

खलाशांचं वेगळं सांगायला हवं. आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली पोरं राबतात. त्यांची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत, त्यामुळे ग्रामसभेत त्यांना तोंड नाही. जेटीवरचं शौचालय, प्यायचं पाणी, डासांची फवारणी हे प्रश्न त्यांचे आधी आणि आपले नंतर आहेत. त्यांच्या जिवावर होडी चालते, तर त्यांच्या वतीने बोलणं मालकांचं कर्तव्य आहे.

तर मग करायचं काय? दर्या सोडून सगळ्यांनी सभेत बसा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पोट आधी. पण एवढं नक्की करता येईल:

एक. प्रत्येक होडीच्या घरातून एक माणूस. मालक दर्यावर असेल तर मालकीण जाऊ दे, मुलगी जाऊ दे, निवृत्त झालेला बाबा जाऊ दे. मतदार असला की झालं.

दोन. मासे विकणाऱ्या बायांनी स्वतः बोलावं. सोपो, बसायची जागा, पाणी, छप्पर याबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळतं? काकी-मावशी बाजारात चार गिऱ्हाइकांना गप्प करतात, त्यांना सभागृहात बोलायला भीती कसली?

तीन. मागणी तोंडी नको, लेखी. अर्ज सभेच्या बरेच दिवस आधी पंचायतीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर व शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरायचं.

चार. जुलैच्या सभेत जे ठरलं, त्याचं काय झालं, हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा. इतिवृत्त वाचताना चहा प्यायला बाहेर जाऊ नका. चूक लिहिलं असेल तर तिथेच हरकत घ्या, नंतर ते पक्कं होतं.

पाच. घरातली भांडणं सभेत नेऊ नका. पर्ससीनवाला, ट्रॉलरवाला, रापणकार आणि पागेर यांचे वाद खरे आहेत, पाच किलोमीटरच्या आत कोण शिरतो हा प्रश्नही खरा आहे. त्याला जागा वेगळी. ग्रामसभेत जाळी वाळवायची जागा, दिवे, कचरा, वाट, घरदुरुस्ती आणि सोपो एवढ्या सामाईक गोष्टींवर सगळ्यांनी एका आवाजात बोलावं.

कचऱ्याचा विषय निघणारच, म्हणून तयारीने जा. थर्माकोलच्या पेट्या, फाटकी जाळी, जुनं तेल हे सोसायटीने गोळा करायचं, पंचायतीने उचलायचं आणि उचलायचा वार ठरवायचा, असा सरळ प्रस्ताव आपल्याकडूनच गेला, तर वासाची तक्रार घेऊन येणाऱ्यांशीही बोलणं सोपं होईल. त्यांनाही ताजा बांगडा हवाच असतो. तो कुठून येतो, कुठे उतरतो, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नाही.

आणि एक मागणी तारखेची. कायदा रविवार म्हणतो, पण महिन्यातला कुठला रविवार ते पंचायत ठरवते. चांदण्या रात्री पर्ससीनला मासा कमी लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. कोजागिरी बहुतेक वर्षी ऑक्टोबरातच येते. मग पुनवेच्या जवळचा रविवार धरावा आणि सभा सकाळच्या बाजाराच्या वेळी न ठेवता दुपारनंतर ठेवावी, असा अर्ज पुढच्या वर्षासाठी आताच देऊया. सही करायला कुणाला दर्या सोडावा लागणार नाही, अर्ज जेटीवर ठेवतो.

दिवाळी तोंडावर आहे. पोरं नरकासुर करण्यात गुंतलीत, घराघरांत पोहे कुटायची तयारी चाललीय, मग तुळशीचं लग्न आणि पाठोपाठ जत्रा. गाव गजबजलेलं असेल. त्या गजबजाटात एका रविवारचे दोन-तीन तास काढा. आपल्या आज्या-पणज्यांनी हा काठ कागदावर लिहून ठेवला नव्हता, कारण तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता विचारतात, आणि उत्तर लेखी द्यावं लागतं.

नोटीस लागली की तारीख आणि वेळ इथे टाकू. घरातून कोण जाणार, ते खाली लिहा.