तीस दिवसांची दवंडी

मागच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकून मित्राबरोबर रजिस्टर लग्नाची नोटीस द्यायला गेलो होतो. तो हिंदू, ती ख्रिश्चन. क्लार्कसाहेब म्हणाले, "नावं बोर्डावर लागतील. हरकत आली नाही तर महिन्याने या." मित्राचा चेहराच पडला. तिच्या घरी अजून पत्ता नाहीये!

आता गंमत बघा. दोघंही हिंदू असते तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे आज सप्तपदी, आज लग्न. नोटीस वगैरे काही नाही. धर्म बाजूला ठेवून १९५४च्या विशेष विवाह कायद्याकडे गेलात की मात्र ३० दिवस गावभर दवंडी.

आणि ही दवंडी आली कुठून? चक्क चर्चमधून! मध्ययुगीन युरोपात दोघांनी एकमेकांना 'हो' म्हटलं की चर्चच्या लेखी लग्न झालं, पाद्री नसला तरी. (कॅथलिकांत पाद्री सक्तीचा झाला तो १५६३ला.) चोरून केलेल्या लग्नांना आळा घालायला १२१५च्या लॅटरन परिषदेने नियम काढला की लग्न आधी चर्चमध्ये जाहीर करा, कोणाची हरकत असेल तर कळू दे. इंग्लंडमध्ये १८३६ला रजिस्ट्रारपुढे लग्नाची सोय झाली, तेव्हा या घोषणेच्या जागी सरकारी नोटीस आली. साहेबाने तीच १८७२च्या कायद्यातून आपल्याकडे आणली. त्यात तर 'आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन वगैरे कोणीच नाही' असंही लिहून द्यावं लागे. १९५४ला ती अट गेली, नोटीस राहिली. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिला ते कोणाला आठवत नाही, पण काढायला सगळे घाबरतात.

इंग्लंडने २००४ला सिव्हिल पार्टनरशिपचा कायदा केला. नोंदणीच्या वेळी धार्मिक विधी करायला त्यात मनाई होती. नोटीस मात्र तिथेही चिकटलीच.

कोणी म्हणेल, आधीचं लग्न लपवलं असेल तर कळायला नको? अहो, दुसरं लग्न हिंदू कायद्यातही गुन्हाच आहे की! तिथे नोटिशीवाचून चालतं, मग इथेच का नाही? प्रतिज्ञापत्र घ्या, खोटं निघालं तर खटला भरा. २०२१ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस लावायची की नाही हे जोडप्याच्या मर्जीवर सोडलं. पण ते उत्तर प्रदेशात. आमच्या क्लार्कसाहेबांना सांगून पाहिलं, त्यांनी नुसतं वर पाहिलं.

असो. आज मित्राचा नववा दिवस. बोर्डावर त्यांच्या नावांवर दुसरा कागद लागलाय, तेवढंच बरं.