विनोदाविना हास्य

काशीदच्या वाळूत आपली कुटुंबे मनमोकळी हसतात. गादीवर परतताच ते हास्य मावळते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या एका उद्यानात पाच जणांसह हास्यक्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते बोचणारे. तेव्हा त्यांनी विनोदच वगळून नुसते हसणे ठेवले. हसताना श्वास खोल जातो, स्नायू सैलावतात. (म्हणून रक्तदाबाची गोळी मात्र सोडू नये!) आपल्या शास्त्रांनी हास्याला नोकषायांत गणले आहे; मला त्यात दुसऱ्याला दुखावणाऱ्या हास्याविषयीचा इशारा दिसतो. दुकान वाढवून जेवायला बसल्यावर सुनेच्या पोळीवरून थट्टा होते, तेव्हा सूनही हसते का, हे सासऱ्यांनी एकदा निरखून पाहावे.