विष ‘चढत’ नाही, निरोप थांबतो

‘विष चढले’ आणि ‘विष उतरवले’ हे शब्द तुम्ही घरी, पारावर, एस.टी.त कितीदा तरी ऐकले असतील. सातारा-सांगलीकडे सर्पदंशाने जे जीव जातात, त्यांतल्या काहींच्या मृत्यूला हे शब्दही कारण होतात, असे माझे मत आहे. जे चढते ते उतरवता येते, असे मन धरून बसते. मग उतरवणारा शोधला जातो, माणसाला मारुतीच्या देवळात नेले जाते, आणि दवाखाना मागे पडतो. याचा सगळा दोष अडाणीपणाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. पण थोडा दोष आपल्या विज्ञानाच्या तासाचाही आहे.

चेतापेशीची आकृती आपण वहीत काढतो, भागांना नावे देतो, गुण मिळवतो. मज्जातंतू म्हणजे शरीरातल्या विजेच्या तारा, असे सांगितले जाते. ही उपमा सोपी आहे, म्हणूनच घातक आहे. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या लांबीने सरकतात. मज्जातंतूत तसे काही वाहत जात नाही. पेशीच्या पटलाबाहेर सोडियमचे आयन आतल्यापेक्षा सुमारे दहापट असतात, तर आत पोटॅशियमचे जास्त. पटलात बसलेले प्रथिनांचे पंप तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. हे काम जन्मभर चालते. यामुळे आणि पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत असल्यामुळे पटलाची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. बॅटरीतल्या दीड व्होल्टच्या सेलशी तुलना केली, तर हा विसावा भागसुद्धा नाही!

निरोप आला की एका जागी सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. हा धक्का शेजारची दारे उघडतो, ती त्यांच्या शेजारची. तोवर मागे पोटॅशियम बाहेर पडून पहिली स्थिती परत आलेली असते. एका जागचा हा सारा खेळ एक-दोन सहस्रांश सेकंदात आटोपतो. दिवाळीतल्या लवंगी फटाक्यांची माळ आठवा. पहिला फटाका शेवटच्या फटाक्यापर्यंत स्वतः जात नाही, प्रत्येक जण आपल्या जागीच उडतो. म्हणून शेवटचा आवाजही पहिल्याइतकाच मोठा. फरक इतकाच, की मज्जातंतूची माळ लगेच पुन्हा उडायला तयार होते. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जातीतल्या स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून हे गणितासह १९५२ साली मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या सर्वांत जलद तंतूंत या निरोपाचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो. तारेतल्या विजेपुढे हा वेग म्हणजे बैलगाडीच.

आणि खरी गंमत तर माळेच्या शेवटी आहे. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते. मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी. ही फट वीज ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या इवल्या पिशव्या असतात. त्या फुटतात, रसायन पलीकडे जाते, स्नायूवरच्या ठरावीक ग्राहकांत कुलपात किल्ली बसावी तसे बसते, आणि मग स्नायू आकसतो. म्हणजे तारायंत्राने आलेला मजकूर शेवटी पोस्टमनने हातात नेऊन द्यायचा, तसा हा प्रकार.

नाग आणि मण्यार नेमके या पोस्टमनलाच गाठतात. नागाच्या विषातले प्रथिन स्नायूवरच्या कुलपात जाऊन बसते. किल्लीला जागाच उरत नाही. मण्यारीचे विष फटीच्या अलीकडे, तंतूच्या टोकावरच घाव घालते आणि पिशव्यांचा कारखाना मोडून टाकते. (घोणस आणि फुरसे यांचे विष मुख्यतः रक्तावर परिणाम करते, तो वेगळा विषय.) पापण्या जड होऊन मिटतात, आवाज घोगरा होतो, थुंकी गिळवत नाही, आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. मेंदू मात्र शाबूत असतो! विषाचे हे मोठे रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरू शकत नाहीत. डोळे मिटून निश्चल पडलेल्या माणसाला कित्येकदा भोवतीचे रडणे ऐकू येत असते. फक्त बोट हलवण्याचा निरोप बोटापर्यंत पोहोचत नाही.

आता कडुलिंबाच्या पाल्याची परीक्षा तपासून पाहा. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, असे मानतात. पण चव जिभेकडून मेंदूकडे ज्या तंतूंनी जाते, त्यांच्या वाटेवर स्नायूची ही फट येतच नाही. मण्यार चावलेल्यालाही पाला कडूच लागणार. मंडळी ‘काही नाही, झोपव’ म्हणून निर्धास्त होणार, आणि गिळता न येणाऱ्याच्या घशात पाला अडकणार तो वेगळाच. फटीचा धडा ज्याला समजला, त्याला ही परीक्षा खोटी आहे हे कोणी सांगावे लागत नाही.

तारेच्या उपमेने शिकलेल्या माणसांनाही फसवले आहे. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इक्वेडोरहून एक पत्र आले, की दंशाच्या जागी विजेचे झटके दिल्याने रुग्ण बरे झाले. लगेच मोटारीच्या इंजिनाची तार लावून झटके देण्याचे खूळ काही देशांत पसरले. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा काडीचा उपयोग दिसला नाही.

उलट, यंत्रणा नीट समजून घेतल्याचे फळ घाटाखालीच पाहता येते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. या विंचवाचे विष सोडियमची दारे मिटू देत नाही. तंतू निरोपांवर निरोप धाडत राहतात, हृदयावर भलता ताण येतो, फुप्फुसात पाणी साठते. ‘प्राझोसिन’ हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर चालते हे त्यांनी दाखवले, आणि मृत्यूंचे प्रमाण कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शिराळ्याची नागपंचमी, १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यावरचे वाद यांवर पुष्कळ लिहिले जाते. मण्यारीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती रात्री येते, जमिनीवर निजलेल्याला चावते, खूण आणि वेदना जेमतेम. कृष्णाकाठच्या उसाच्या फडाशेजारी खोपीत झोपणारी मुले तिच्या टप्प्यात असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज आहे. प्रतिविष तंतूचे मोडलेले टोक जोडत नाही. ते फक्त मोकळे फिरणारे विष निकामी करते. म्हणून उशीर नडतो. पण टोक काही दिवसांनी पुन्हा उगवते. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस चालत घरी जातो! लहान मुलालाही प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच लागते, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. चेतासंपर्काच्या आकृतीत फटीच्या अलीकडे मण्यार आणि पलीकडे नाग, असे दोन बाण काढायला लावावेत आणि त्यावरच प्रश्न विचारावा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पाटण, शिराळा, जत, माण इथल्या शाळांनी फळ्यावर लिहावे: चावलेला हातपाय न हलवता फळीला सैलसर बांधा, अंगठी-बांगड्या काढा, करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, १०८ ला फोन करा, वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. त्याखाली, कृत्रिम श्वासाचे यंत्र असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, ते मुलांनीच चौकशी करून लिहावे.