आधी क्रॉस, मग झेंडे

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला वस्तीतली मंडळी जुन्या मारुती ओम्नीनेही निघतात. २०१९ साली ही गाडी बनणे थांबले. आता धावतात त्या जुन्याच. गिअर टाकून गाडी उचलताना खालून ‘टक्’ आवाज आला, वेगात थरथर झाली, तर शाफ्टचे क्रॉस तपासा. इंजिन बंद, चाकांना दगड, मग शाफ्ट हाताने पिळून, वर-खाली हलवून पाहा. सांध्यात खेळ किंवा तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस गेला. ग्रीस भरून झीज भरत नाही. क्रॉस बदलावाच लागतो. मेकॅनिकला फ्लँजवर खूण करूनच शाफ्ट उतरवायला सांगा, म्हणजे तोल बिघडत नाही. लॉकही नवे घ्या. धावत्या गाडीचा शाफ्ट तुटला, तर आत आपलीच लेकरे असतात. म्हणून वर्गणीतून आधी क्रॉस, मग झेंडे.