कुलूप म्हणजे अविश्वास नव्हे

लहान ऑफिसात पाच-सहा कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यातल्या एकावर सगळ्यांसाठी एक सामाईक फोल्डर असतं. पत्रं, बिलं, पगारपत्रक, सगळं त्यातच. कुणी काय उघडावं यावर बंधन घालू म्हटलं, की हमखास उत्तर येतं, "आपण सगळी घरचीच माणसं, कुलपं कशाला?" मला काही हे पटत नाही, मंडळी. कुलूप चोरासाठी असतं तसंच ते प्रामाणिक माणसासाठीही असतं.

शाळेत आम्हा शिक्षकांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. तरी प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडेच असे. त्यात कुणाला अपमान वाटला नाही. उलट पेपर फुटल्याची कुजबुज झालीच, तर आमच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नसे.

आता ओळखीतल्या एका ऑफिसची गोष्ट. पगारपत्रकातला एक आकडा बदललेला सापडला. फोल्डर सर्वांना खुलं, आणि सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने आत शिरणारे! बदल कुणी केला हे कळायला मार्गच नव्हता. संशय गेला तो सगळ्यात नव्या मुलीवर. पुरावा काही नाही, पण तिच्याशी बोलणं कमी झालं आणि दोन महिन्यांत तिने नोकरी सोडली. कुठे गेला तो घरच्या माणसांचा विश्वास?

साल्टझर आणि श्रोडर या दोन संशोधकांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. ते अवघडही नाही. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. वाचण्याचा अधिकार वेगळा, बदलण्याचा वेगळा. सुट्ट्यांची यादी सर्वांनी वाचावी, बदलावी एकानेच. पगारपत्रक फक्त हिशेबनीस आणि साहेबांनी उघडावं. विंडोजमध्ये शेअरिंगची एक आणि एनटीएफएसची दुसरी अशा दोन परवानग्या असतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक ती लागू होते. कुणी काय बदललं याची नोंद मात्र मुद्दाम चालू करावी लागते. आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद.

आणखी एक. २०१७ च्या 'वॉनाक्राय'नंतर खंडणी मागणारे व्हायरस सर्वांना ठाऊक झाले. असा व्हायरस एखाद्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरला, तर त्या माणसाला बदलता येणाऱ्या सामाईक फायलीही तो कुलूपबंद करू शकतो. अधिकार बेताचे असले, तर नुकसानही बरंचसं बेतात राहतं.

अर्थात अतिरेक नको. एकुलती एक किल्ली असलेला माणूस रजेवर गेला आणि काम अडलं, की लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वाटतात. म्हणून जबाबदार माणसं दोन असावीत आणि कुणाला काय मिळालंय आणि का, हे सर्वांना उघड सांगावं. गुपचूप लावलेलं कुलूप टोचतं. कारण सांगून लावलेलं टोचत नाही.

तुमच्या ऑफिसात काय पद्धत आहे? जरूर कळवा.